बुवांना हार कधी घालायचा?

आमच्या कल्याणच्या सासरी गाणं सगळ्यांना कळत असे. निदान कळत नाही असं तोंडाने कबूल करणारा माणूस मला त्या आळीत भेटला नव्हता. मी माहेरची डोंबिवलीची. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चहूकडे भातखाचरं, मधे थोडी घरं आणि एक देऊळ. गाणं म्हणजे जात्यावरची ओवी, देवळातलं कीर्तन आणि श्रावणातला झिम्मा एवढंच मला ठाऊक. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे गाणं कळावं लागतं, हेच मुळी मला लग्नानंतर समजलं.

पहिली बैठक ऐकली ती शेजारच्या घरी. पुरुष ओटीवर, आम्ही बायका माजघरात, मधलं दार किलकिलं. गवई गात होता आणि एकच ओळ पुनःपुन्हा म्हणत होता. मी वाट पाहिली, आता पुढची ओळ येईल, मग येईल. हातातल्या कापसाच्या वाती वळून संपल्या तरी ओळ तीच. न राहवून मी सासूबाईंच्या कानाशी लागले आणि विचारलं, "हे पुढचं विसरले का हो?"

सासूबाईंनी असा चिमटा काढला की दोन दिवस मांडी ठणकत होती.

"गाण्यातलं विचारायचं नसतं," त्या घरी आल्यावर म्हणाल्या.

"मग कळणार कसं?"

"आपोआप कळतं. मला नाही का कळत?"

त्यांना काय कळत होतं ते देव जाणे. बैठकीत त्या बहुतेक वेळ सुपारी कातरत बसत आणि मधूनच डोळे मिटून "आहाहा" म्हणत. ते ऐकून बाकीच्या बायकाही "आहाहा" म्हणत. मीही म्हणू लागले. करते काय?

पण डोक्यातल्या शंका काही जाईनात. तबला चांगला वाजत असताना तो माणूस हातोडी घेऊन त्याला ठोकतो कशाला? गवई मधेच कुणाचं तरी नाव घेऊन कानाची पाळी धरतात, ती का? शब्द एवढे चांगले असताना ते टाकून नुसतं आ आ करण्यात काय मिळतं? एकदा मी हे सगळं आमच्या स्वारीला विचारलं. हे मामलेदार कचेरीत कारकून होते आणि सगळ्या गोष्टींची उत्तरं देण्याची त्यांना हौस होती. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते शास्त्र आहे." पुढे कधीही काही विचारलं की तेच. मग मी विचारणं सोडलं.

आमच्या घरातले खरे दर्दी म्हणजे मामंजी, माझे सासरे. जन्मभर त्यांनी ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत नोकरी केली आणि पेन्शन घेऊन कल्याणला आले. गावात कुठेही गाणं असलं की पुढचा तक्क्या त्यांचा. लोक म्हणत, गवयाकडे बघू नका, यांच्या मानेकडे बघा. आणि खरोखर सगळे त्यांच्या मानेकडेच बघत. मी दाराच्या फटीतून कितीदा तरी पाहिलं आहे. गवई गात गात कुठच्या कुठे जाई, मग परत येई, आणि त्या क्षणी मामंजींची मान अशी डौलात खाली येई. लगेच सगळ्या ओटीच्या माना खाली. कुणी "वाहवा" म्हणे, कुणी मांडीवर थाप मारी. सगळ्यांची थाप मामंजींच्या मानेनंतर किंचित उशिराने पडे.

मामंजींनी नवी ओटी बांधून घेतली तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की आपल्याकडे एखाद्या मोठ्या गवयाचं गाणं व्हावं. तो योग त्या वर्षी आला. ग्वाल्हेरला शिकून आलेले एक बुवा नाशिकहून मुंबईला जायचे होते. कुणीतरी मध्यस्थी केली आणि ते वाटेत कल्याणला उतरून तिसऱ्या प्रहरी आमच्याकडे गातील असं ठरलं. गावभर बातमी झाली. ठाण्याचे एक बडे वकीलसुद्धा यायचे होते. त्यांनी मुंबईत पुष्कळ गाणं ऐकलं आहे, असं ते स्वतः सगळ्यांना सांगत.

सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला ठाण्याला गेल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे. एका दुपारी मामंजी एकटेच पानावर बसले होते. मी वाढून दाराआड उभी राहिले. आमटीत कालवलेला भात तसाच ठेवून ते बराच वेळ बसले. मला वाटलं मीठ जास्त झालं.

"सूनबाई," ते पानाकडे बघतच म्हणाले, "तू आतून गाणं ऐकतेस ना?"

"हो."

"तुला काय वाटतं, तो समेवर कधी येतो?"

मला वाटलं माझी परीक्षा घेतात. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला कळत नाही. म्हणून विचारलं."

मी दाराची कडी घट्ट धरली. मग जे काय ते सगळं त्यांनी सांगितलं. लहानपणापासून कीर्तनाचा नाद. गाणं ऐकलं की जीव वेडावतो, पण त्यातलं कळत काही नाही. तरुणपणी ठाण्याला एका बैठकीत सहज मान हलली ती नेमकी जागेवर हलली. गवयाने हात जोडले आणि त्या दिवसापासून हे दर्दी झाले. पुढे कुणाला विचारायची सोय राहिली नाही. ज्याला सगळे विचारायला येतात त्याने विचारायचं कुणाला?

"मग इतकी वर्षं मान बरोबर कशी पडते?" मी विचारलं. भीती गेली होती आणि मजा वाटू लागली होती.

"तबलजीकडे बघतो. सम आली की त्याची मान हलते. त्याची हलली की माझी."

म्हणजे सगळं गाव मामंजींच्या मानेकडे बघत होतं आणि मामंजी तबलजीच्या! मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले आणि तूप आणायचं निमित्त करून परत आले.

मामंजी मात्र हसत नव्हते. या बुवांचा तबलजी दगडासारखा बसतो, मानच हलवत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. "भजनात बरं असतं," ते म्हणाले, "टाळ चुकला तर शेजारचा कोपर मारतो. इथे कोपर कोण मारणार? आपल्याच घरात, बुवांच्या समोर, त्या वकिलाच्या देखत माझी मान चुकली, तर मी गाण्याला जाणं सोडीन. ओटीवर पुन्हा तंबोरा लागणार नाही."

ते ऐकून माझं हसणं कुठच्या कुठे गेलं. मामंजींच्या हौसेमुळे आमच्या घराकडे गाणं वळलं होतं. ते थांबले असते तर आम्हा बायकांच्या कानावर पुन्हा काय पडणार होतं? खरं सांगते, तोवर त्या गाण्याची मला चटक लागली होती. कळत नव्हतं, पण बैठक आहे म्हटलं की सकाळपासून हात भराभर चालत.

मग मी मला जे वाटत होतं ते सांगितलं. "मामंजी, आम्ही झिम्मा खेळतो तेव्हा पाय कुठेही नाचले तरी सगळ्यांची टाळी एकाच शब्दावर पडते. गवयांचंही मला तसंच वाटतं. कुठेही भटकून येतात, पण परत येतात ते त्याच शब्दावर. पहिल्या दोनचार खेपा मी तो शब्द धरून ठेवते, मग पुढे ते आले की मला आधीच कळतं."

मामंजींनी पानातला हात वर घेतला. "झिम्म्यासारखं?" त्यांनी विचारलं. माझी चेष्टा करतात की काय म्हणून मी बघितलं, पण नाही. ते मनातल्या मनात ताडून बघत होते.

पुढल्या एका छोट्या बैठकीत आम्ही करून पाहिलं. मामंजी मुद्दाम दाराजवळच्या तक्क्याशी बसले आणि मी आतून चौकटीवर बांगडी वाजवायची, असं ठरलं. शब्द आला की टिक. टिक झालं की मान. एकदा माझी बांगडी घाईने वाजली तेव्हा मामंजींची मान हवेतच थांबली आणि त्यांनी मानेला रग लागल्यासारखा हात फिरवला. गावातल्या दोघातिघांनीही आपापल्या मानेवरून हात फिरवला.

सासूबाई ठाण्याहून परतल्या आणि गाण्याचा दिवस आला. ओटी सारवली, जाजमं पसरली, लोड मांडले. एका तबकात पानसुपारी, अत्तरदाणी, गुलाबदाणी. दुसऱ्या तबकात सासूबाईंनी मोगऱ्याचा जाड हार, बुक्क्याची डबी आणि नारळ ठेवला. आमच्या घरी कीर्तन असलं की हेच तबक निघे, म्हणून तेच निघालं. त्यात काही चुकतं आहे असं मलाही वाटलं नाही.

बुवा आले ते अंगाने भरलेले, कपाळावर गंध, आवाज मात्र बोलताना अगदी बारीक. त्यांचा तबलजी खरोखर दगड होता. ठाण्याचे वकील समोरच पाय पसरून बसले. मामंजी दाराशी. सासूबाई माझ्या शेजारी सुपारी घेऊन बसल्या.

बुवांनी चीज सुरू केली. कुणाला तरी घरी ये म्हणून बोलावणारी चीज होती, एवढं हिंदुस्थानी मलाही कळलं. चाल इतकी संथ की तो शब्द पुन्हा केव्हा येणार याची मला धास्ती. पण आला. पुन्हा आला. मी धरला. टिक.

मामंजींची मान खाली आली. बुवांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या खेपेला बुवा फार लांब फिरून आले, येतात की नाही असं वाटत असतानाच आले, आणि मान पुन्हा जागेवर. बुवांचा चेहरा खुलला. त्यांनी सरळ मामंजींकडे तोंड केलं आणि त्यांना उद्देशून गाऊ लागले. वकिलांनी पसरलेले पाय जवळ घेतले. माझ्या अंगावर काटा आला. गाण्याने आला की आमच्या लबाडीने, ते सांगता येत नाही.

सासूबाई एकदा कुजबुजल्या, "बांगड्या किती वाजवतेस गं?" मी म्हटलं, डास चावतात.

अशी बराच वेळ ती चीज रंगली. मग बुवा थांबले. पेल्यातलं पाणी प्यायले, तंबोऱ्याची एक तार पिळून बघितली आणि तबलजीकडे वाकून काही बोलले.

आता कीर्तन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. पूर्वरंग संपला की बुवा थांबतात. मग यजमान उठून त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, पाया पडतात. त्यानंतर आख्यान. मामंजींच्या हाडीमाशी हे मुरलेलं. दुसऱ्यांच्या बैठकीत गवयाला हार कधी घालतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांचे डोळे सदा तबलजीवर. समेची तयारी आम्ही महिनाभर केली. हाराचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मामंजी उठले. तबक घेतलं. बुवांच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला, चिमूटभर आपल्याही कपाळाला लावला आणि पाया पडले.

बुवा गोंधळले, पण भल्या माणसाने मान वाकवली. मामंजी बाजूला होतात तोच आमच्या शेजारचे सावकार उठले. त्यांच्यामागे शाळेचे मास्तर. त्यांच्यामागे आमची स्वारी. एवढ्या मोठ्या बुवांची रीत निराळी असेल, आपल्याला ठाऊक नाही असं दिसता कामा नये, म्हणून एकेक करत सगळी ओटी उठली. रांग लागली. जो तो बुवांना बुक्का लावी, पाया पडे, आणि डबीतला चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावून जाग्यावर येई. बुवांचं कपाळ काळंभोर झालं. बुक्का भुवयांवर आला, नाकावर उतरला, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर सांडला. ज्यांना बुवांच्या कपाळावर जागा मिळेना त्यांनी तबलजीला लावला. तो दगड तेवढ्यापुरता हलला. त्याने डोळे मिटून घेतले.

वकील तेवढे जागचे उठले नव्हते. रांग संपल्यावर ते मोठ्याने हसले. "अहो, चीज संपली कुठे? आता कुठे बुवा द्रुत घेणार होते. हे काय, एकादशीचं कीर्तन समजलात की काय?"

सावकारांनी उपरण्याने हळूच कपाळ पुसलं. मास्तरांनीही पुसलं. बघता बघता सगळ्या कपाळांवरचा बुक्का नाहीसा झाला. नुसता एकट्या मामंजींच्या कपाळावर राहिला.

मी फटीतून त्यांचं तोंड पाहिलं. ते राखेसारखं झालं होतं. आमची स्वारी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली ते मला दारात ऐकू आलं, "आमच्या कल्याणची रीतच आहे म्हणावं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामंजींनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे. तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले. मग ते बुवांसमोर जाऊन नीट मांडी घालून बसले.

"बुवा," ते म्हणाले, "मला वाटलं कीर्तनासारखं मध्यंतर झालं. चुकलं. आता खरं तेच सांगतो. मला गाण्यातलं काही कळत नाही. आवडतं फार. मघा मान पडत होती ती माझी, पण सम माझ्या सुनेची. ती आतून बांगडी वाजवते, मी मान हलवतो."

सासूबाईंच्या हातातला अडकित्ता खाली पडला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीत शिरायची तेवढी बाकी राहिले.

उपरण्याच्या टोकाने डोळ्यांत गेलेला बुक्का बुवांनी पुसला. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आणि ते असं आलं की गळ्यातला हार हलायला लागला.

"मला का नाही विचारलंत आधी?"

"लाज वाटली."

"मलासुद्धा वाटायची," बुवा म्हणाले. "गुरूंच्या घरी पहिल्या वर्षी मी विचारलंच नाही काही. लाकडं फोडायची, पाणी भरायचं आणि कळल्यासारखं तोंड करून बसायचं. एक दिवस गुरुजींनी विचारलं, आत्ता काय गायलो? माझी बोबडी वळली. एवढा मार खाल्ला, पण त्या दिवसापासून विचारायला लागलो." त्यांनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. "विचारा. आणखी कुणाला काय विचारायचं आहे ते विचारा. तुमच्या गावात बसून मला आज तेवढंच काम आहे."

पहिल्यांदा मामंजींनीच विचारलं, संपलं हे ओळखायचं कसं? बुवा म्हणाले, गाणारा हात जोडेल तेव्हा. तोवर निश्चिंत बसा. मग सावकार खाकरले. स्वतःला काही शंका नाही, पण त्यांच्या धाकट्या भावाने विचारायला सांगितलं आहे, की तबल्याला हातोडी कशासाठी? मास्तरांच्या एका विद्यार्थ्याला जाणून घ्यायचं होतं, की तोम तनन देरेना याला काही अर्थ असतो का? आमच्या स्वारीच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांना दोन रागांतला फरक म्हणून कधी कळला नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. आत आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसत होतो. बुवा मात्र प्रत्येकाला गाऊन दाखवून समजावत होते, आणि त्या भावाला सांगा, त्या विद्यार्थ्याला सांगा, असं न विसरता म्हणत होते. दगड तबलजीसुद्धा हातोडी हातात घेऊन चढलेला आवाज आणि उतरलेला आवाज ऐकवायला लागला.

शेवटी वकील म्हणाले, "माझ्या एका स्नेह्याला अशी शंका आहे..." आणि सगळी ओटी हसली. वकीलही लाल होऊन हसले. त्यांच्या स्नेह्याला सम कळत नव्हती.

मग बुवांनी दाराकडे पाहिलं. "आतून कुणाला काही विचारायचं आहे का?"

मला वाटलं सगळ्या माझ्याकडे बघतील. पण बोलल्या त्या सासूबाई. गाण्यातलं विचारायचं नसतं म्हणून मला चिमटा काढणाऱ्या सासूबाई. दाराआडून, पण स्पष्ट आवाजात त्यांनी विचारलं, "मघापासून आपण ज्याला घरी बोलावता आहात, तो शेवटी येतो का हो?"

कुणी हसलं नाही.

"अजून नाही आला, माई," बुवा म्हणाले. "मी रोज बोलावतो."

आणि तंबोरा उचलून त्यांनी राहिलेली चीज घेतली. माझी बांगडी वाजली नाही. मामंजींची मान कधी शब्दावर पडली, कधी आधीच पडली, कधी नंतर. बाकीच्यांच्याही वाटेल तशा पडत होत्या. ओटीभर भाताच्या लोंब्या वाऱ्यावर हलाव्यात तशा. बुवांनी हात जोडले तेव्हा मामंजी पुन्हा उठले आणि रिकाम्या तबकाकडे बघत राहिले. हार तर मघाच घालून झाला होता. शेवटी त्यांनी नारळ तेवढा दिला.

त्या रात्री सासूबाई मला बोलल्या नाहीत. मी तयारीत होते. सकाळी जात्यावर बसलो तेव्हा त्यांनी दळण थांबवून विचारलं, "तो शब्द कसा गं धरायचा?" दळता दळताच मी त्यांना शिकवलं.

गावात आमचं हसं झालंच. थोडे दिवस पोरं आमच्या दारावरून जाताना कपाळाला बोट लावत. मामंजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला मात्र धाकधूक होती, की हे आता कुठल्या बैठकीला जातील की नाही. गेले तरी लोक त्यांना बसवतील कुठे?

भाद्रपदात सावकारांच्या घरी गणपतीपुढे गाणं होतं. आम्ही सगळी गेलो. पुढचा तक्क्या सावकारांनी रिकामा ठेवला होता, आणि त्याला टेकायला कुणी धजत नव्हतं. मामंजी आले, त्या तक्क्याकडे बघून हसले आणि सरळ माजघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसले. सावकार म्हणाले, "अहो, असे मागे का?" मामंजी म्हणाले, "इथून बरं पडतं."

गाणं सुरू झालं. गवई नवा होता, चाल अवघड होती. तो लांब गेला, फार लांब गेला, आणि सगळ्या ओटीच्या माना अर्धवट उचललेल्या राहिल्या. कुणालाच ठरवता येईना. तेव्हा मामंजींनी दाराकडे तोंड करून, कुजबुजत नाही, चांगलं खणखणीत विचारलं,

"सूनबाई, आली का गं?"

परक्या घरच्या ओटीवर, एवढ्या पुरुषांत, माझा आवाज तोवर कधी गेला नव्हता. सासूबाईंनी मला कोपर मारलं. "सांग की," त्या म्हणाल्या.

"अजून नाही, मामंजी," मी आतून म्हटलं. "थांबा. सांगते."

आणि सावकार, मास्तर, आमची स्वारी, सगळे माना तशाच धरून दाराकडे बघत थांबले.